मारतंय कोण, तांबं की कॉम्प्लेक्स? शिफ बेसचे धातू-कॉम्प्लेक्स, साक्यापासून झोनपर्यंत

प्रश्न: सोलापुरात एम.एस्सी. भाग दोनचा प्रकल्प चालू आहे. सॅलिसिलाल्डिहाइड आणि ऑर्थो-अमिनोफिनॉलचा शिफ बेस (अल्डिहाइड आणि अमीन जोडून मिळणारं संयुग; इथला लिगँड, म्हणजे धातूला धरणारा रेणू, हाच) करून त्याचे तांबं, निकेल, कोबाल्ट आणि झिंकचे कॉम्प्लेक्स (लिगँड आणि धातू जोडून झालेली संयुगं) बनवले. क्लोराइड क्षार वापरले आणि पीएच अमोनियाने ८ केला. तांब्याचा साका एकदा हिरवा येतो, एकदा तपकिरी. निकेलचा चिकट येतो, गाळताच येत नाही. कोबाल्टचं मॅग्नेटिक मोमेंट (जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनांचं माप) जवळपास शून्य आलं. आगर प्लेटवर तांब्याचा झोन (जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ) चांगला मिळाला, बाकीच्यांचा नाही. 'कॉम्प्लेक्स लिगँडपेक्षा जास्त सक्रिय आहे' असं लिहिता येईल का?

उत्तर: आत्ता तरी नाही. तुमच्या प्लेटवर काहीतरी जिवाणू मारतंय एवढं खरं. ते कॉम्प्लेक्स आहे, त्यातून सुटलेलं तांबं आहे, की न धुतला गेलेला कॉपर क्लोराइड, हे या प्रयोगातून कळत नाही. आधी बाटलीत काय आहे ते पक्कं करू, मग प्लेटकडे जाऊ.

सुरुवात ऑर्थो-अमिनोफिनॉलपासून. हा पदार्थ हवेत ऑक्सिडाइज होऊन तपकिरी पडतो. बाटली जुनी असेल आणि आतली पूड चॉकलेटी झाली असेल, तर पुढचे सगळे रंग संशयास्पद. गरम पाण्यातून चिमूटभर सोडियम डायथायोनाइट घालून लगेच रिक्रिस्टल करा, फिकट स्फटिक मिळाले की त्याच दिवशी वापरा. २० मिलिमोलचं माप असं: अमिनोफिनॉल २.१८ ग्रॅम, ४० मिलि गरम इथेनॉलमध्ये. त्यात सॅलिसिलाल्डिहाइड २.४४ ग्रॅम, म्हणजे २.१३ मिलि, थेंबाथेंबाने. द्रावण लगेच नारिंगी-लाल होतं. तासभर रिफ्लक्स (वाफ कंडेन्सरने थंड करून परत भांड्यात सोडत उकळणं) करून थंड केलं की नारिंगी स्फटिक पडतात. ते थोड्या थंड इथेनॉलने धुवा. सैद्धांतिक उतारा ४.२६ ग्रॅम, त्यातला ८० टक्क्यांच्या वर सहज हाती लागतो. वितळणबिंदू १८५ अंशांच्या आसपास आणि एक-दोन अंशांत आटोपणारा हवा. टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ थरावर घटक वेगळे करून पाहायची चाचणी) लिगँडचे दोन ठिपके दिसले तर घाबरू नका. सिलिका आम्लधर्मी असते, शिफ बेस तिच्यावरच थोडा फुटतो. हेक्झेन-इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये एक टक्का ट्रायइथाइलअमीन घालून पुन्हा चालवा आणि शेजारी शुद्ध अल्डिहाइडचा ठिपका ठेवा.

उन्हाळ्यात सोलापूरच्या टाकीतलं पाणी कंडेन्सरमध्ये सोडलं तर ते आधीच कोमट असतं. शिवाय नळाला रोज पाणी नसताना ते सतत वाहू देणंही परवडत नाही. बादलीत बर्फाचं पाणी आणि कूलरमधला छोटा पंप, एवढ्यावर दोन कंडेन्सर व्यवस्थित चालतात. बोअरचं पाणी मात्र फिरवू नका, जॅकेटमध्ये क्षारांचा थर बसतो.

आता धातू घालण्याची पायरी. तुमचा घोटाळा बहुतेक इथेच झालाय. या लिगँडवर दोन ओएच आहेत. दोन्हींचे प्रोटॉन गेले की ऑक्सिजन-नायट्रोजन-ऑक्सिजन अशा तीन टोकांनी तो धातूला धरतो. क्लोराइड क्षार घेतला की सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल कुठेतरी जायला हवं, म्हणून लोक अमोनिया टाकतात. अमोनिया दोन बाजूंनी त्रास देतो. स्वतःच धातूला चिकटतो (तांब्याचं गडद निळं द्रावण दिसलं तर हेच झालेलं असतं) आणि थोडा जास्त पडला तर हायड्रॉक्साइड पाडतो. निकेलचा तुमचा चिकट, पोपटी, फिल्टर पेपर बुजवून टाकणारा साका हा मोठ्या अंशी निकेल हायड्रॉक्साइड असणार. त्याचा आयआर (इन्फ्रारेड वर्णपट) काढलात तरी लिगँडच्या पट्ट्या दिसतील, कारण त्यात लिगँड अडकलेला असतो. म्हणून आयआर बघून समाधान मानू नका.

सोपा उपाय म्हणजे अ‍ॅसिटेट क्षार घ्यायचे. अ‍ॅसिटेट स्वतःच सौम्य बेस आहे, पीएच ओढत बसावं लागत नाही. लिगँड ५ मिलिमोल, म्हणजे १.०७ ग्रॅम, ३० मिलि गरम मिथेनॉलमध्ये. धातूचा अ‍ॅसिटेटही ५ मिलिमोल: कॉपरचा मोनोहायड्रेट १.०० ग्रॅम, निकेलचा टेट्राहायड्रेट १.२४, कोबाल्टचा टेट्राहायड्रेट १.२५, झिंकचा डायहायड्रेट १.१० ग्रॅम. प्रत्येक २५ मिलि गरम मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवा. निकेलला वेळ लागतो, दोन मिलि पाणी चालतं. न विरघळलेला क्षार गाळून टाका, तसाच ओतू नका, तो साक्याच्या पोटात बसतो. धातूचं द्रावण लिगँडमध्ये सावकाश घालायचं, उलट नाही. मग दोन तास रिफ्लक्स. साका बारीक असेल तर गरम असतानाच आणखी तासभर ढवळत ठेवा, कण मोठे होतात आणि बुखनर फनेलवर भरभर गाळलं जातं. क्लोराइडशिवाय दुसरं काही हाताशीच नसेल तर अमोनियाऐवजी ट्रायइथाइलअमीन १.४ मिलि, मोजून. त्याहून जास्त नको. परक्लोरेट क्षार मात्र वापरू नका. सेंद्रिय लिगँडबरोबरचे धातूंचे परक्लोरेट वाळल्यावर खरवडताना स्फोट होऊ शकतो.

धुण्याचा क्रम: गरम इथेनॉल, लिगँडचा रंग उतरणं थांबेपर्यंत. मग थोडं डिस्टिल्ड पाणी, धातूच्या क्षारासाठी. मग पुन्हा थंड इथेनॉल. शेवटी ईथरने धुवावं असं छापील पद्धतीत असतं, पण ईथर ३४.६ अंशांना उकळतो आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत खोलीचं तापमानच त्याच्या वर असतं. बाटली उघडताच वाफ टेबलभर पसरते, जवळ हीटिंग मँटल चालू असेल तर आग. पावसाळ्यात तोच ईथर उडताना साका इतका थंड पडतो की हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि नंतर विश्लेषणात ते 'एक पाणी जास्त' म्हणून उगवतं. थंड हेक्झेनने तेच काम होतं. वाळवणं कॅल्शियम क्लोराइडवर, व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये.

हिरवा आणि तपकिरी या दोन रंगांबद्दल. निळसर छटेचा हिरवा असेल तर आधी कॉपर क्षार शिल्लक आहे का बघा: पूड पाण्यात हलवा, गाळा, गाळलेल्या पाण्यात पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब टाका. लालसर तपकिरी गढूळपणा आला तर धुणं अपुरं. तो नसेल तर दोन्ही रंग खरे असू शकतात. एकात पाणी किंवा मिथेनॉल तांब्याला लागलेलं असतं, दुसऱ्यात ती जागा शेजारच्या रेणूच्या फिनॉलिक ऑक्सिजनने घेतलेली असते आणि दोन तांबी एकमेकांशी जोडली जातात. निर्णय रंगावर नाही, टक्केवारीवर. निर्जल कॉम्प्लेक्समध्ये कार्बन ५६.८३, हायड्रोजन ३.३०, नायट्रोजन ५.१०, तांबं २३.१ टक्के येतं. एक पाणी असेल तर कार्बन ५३.३३, हायड्रोजन ३.७९, नायट्रोजन ४.७८, तांबं २१.७. कार्बनमध्ये साडेतीन टक्क्यांचा फरक आहे आणि मान्य चूक ०.४ टक्के, त्यामुळे इथे गोंधळ होत नाही. सीएचएनचा (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजनच्या विश्लेषणाचा) नंबर लागायला वेळ लागत असेल तर तांबं कॉलेजातच काढा. ०.२०० ग्रॅम कॉम्प्लेक्स संहत नायट्रिक आणि थोड्या सल्फ्युरिक आम्लात धूर-कपाटाखाली फोडायचा, पांढरा धूर येईपर्यंत आटवायचा, १०० मिलि करायचा. त्यातले २५ मिलि घेऊन अमोनियायुक्त द्रावणात फास्ट सल्फॉन ब्लॅक सूचक घालून ०.०१ मोलर ईडीटीएने (धातूला एकास एक धरणारं रसायन) टायट्रेट करायचे. निर्जलला १८.२ मिलि लागतील, एका पाण्याच्या कॉम्प्लेक्सला १७.१. ब्युरेटवर हा फरक स्पष्ट दिसतो. झिंकसाठी हीच रीत एरिओक्रोम ब्लॅक टी वापरून करताना पाण्याकडे लक्ष द्या. आपल्याकडच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तेवढाच ईडीटीए खातं, आणि डिस्टिल्ड म्हणून भरून ठेवलेला कॅन नेहमी डिस्टिल्ड असतोच असं नाही. एकदा कोरं, म्हणजे नमुन्याशिवाय, टायट्रेशन करून पाहा.

तांब्याचं मोमेंट १.७३ बोर मॅग्नेटॉनपेक्षा (एका सुट्या इलेक्ट्रॉनचं मूल्य) कमी आलं की 'डायमर' (दोन रेणूंची जोडी) लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे. कॉपर अ‍ॅसिटेट मोनोहायड्रेट स्वतःच डायमर असून त्याचं मोमेंट खोलीच्या तापमानाला १.४ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास असतं, हे विसरू नका. म्हणजे न धुतलेला अ‍ॅसिटेटही आकडा खाली ओढतो. आधी शुद्धता, मग डायमर.

कोबाल्टचं शून्य मोमेंट ही चूक नसून माहिती आहे. अमोनिया किंवा अमीनच्या उपस्थितीत, शिफ बेस लागलेला 'कोबाल्ट दोन' (+२ भाराचा) हवेतल्या ऑक्सिजनने सहज 'कोबाल्ट तीन' (+३ भाराचा) होतो. तो अष्टफलकीय, लो-स्पिन, सगळे इलेक्ट्रॉन जोडीत, म्हणून डायमॅग्नेटिक. द्रावण गडद तपकिरी झालं असेल तर हेच झालं. अशा वेळी बहुधा दोन लिगँड एका कोबाल्टला लागतात आणि कॉम्प्लेक्सवर एक ऋण भार राहतो, मग जोडीला अमोनियम किंवा ट्रायइथाइलअमोनियम हवाच. हे कंडक्टन्सवर पकडता येतं: डीएमएफ या विद्रावकात एक मिलिमोलर द्रावणाचं मोलर कंडक्टन्स ६५ ते ९० आलं तर एकास एक इलेक्ट्रोलाइट, वीसच्या खाली तर उदासीन. कोबाल्ट दोनच हवा असेल तर मिथेनॉलमधून वीस मिनिटं नायट्रोजन सोडून, नायट्रोजनखालीच सगळं करावं लागेल. प्रकल्पाच्या वेळात ते बसत नसेल तर कोबाल्ट तीन म्हणूनच लिहा, त्यात कमीपणा नाही. चार्ज मात्र जुळवून लिहा.

आयआरबद्दल थोडक्यात. अझोमिथीनची (शिफ बेसमधल्या कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाची) पट्टी १६३० च्या आसपासून १६०० ते १६१५ कडे सरकली आणि फिनॉलिक सी-ओ १२७५ वरून थोडी वर गेली, की जोडणी मान्य. ३४०० ची रुंद पट्टी दाखवून 'कोऑर्डिनेटेड पाणी' म्हणू नका. पावसाळ्यात केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड, ज्यात मिसळून नमुना दाबतात) स्वतःच पाणी पितो. पाणी ठरवायचं टीजीएवर (तापवताना वजन किती घटतं ते मोजणारी चाचणी): साधारण १२० अंशांच्या आत गेलं तर जाळीतलं, १५० ते २२० मध्ये गेलं तर धातूला लागलेलं. ४०० ते ५५० मधल्या बारीक शिखरांना धातू-नायट्रोजन, धातू-ऑक्सिजन अशी नावं देण्याचा सोस टाळलेला बरा. झिंकच्या कॉम्प्लेक्सचा एनएमआर (रेणूतले प्रोटॉन दाखवणारा वर्णपट) मात्र जरूर काढा. लिगँडमध्ये १३.८ आणि ९.७ च्या आसपास असलेले दोन्ही ओएच नाहीसे झाले, तर दोन्ही प्रोटॉन गेल्याचा तो सरळ पुरावा. कॉलेजात सोय नसेल तर मुंबईच्या आयआयटीतल्या सैफ या उपकरण-सुविधा केंद्रात शुल्क भरून नमुने पाठवता येतात.

आता जिवाणू.

तांब्याचा झोन मोठा आला यात नवल नाही, कॉपर सल्फेटचाही येतो. म्हणून प्लेटवर किमान पाच गोष्टी शेजारी-शेजारी हव्यात: कॉम्प्लेक्स, लिगँड, धातूचा साधा क्षार, लिगँड आणि क्षार ऐनवेळी मिसळलेलं द्रावण, आणि नुसतं डीएमएसओ (ज्यात नमुने विरघळवतात ते विद्रावक). प्रमाण प्रतिजैविक वेगळं. यातला चौथा नमुना बहुतेक प्रबंधांत नसतो आणि खरी गोष्ट तोच सांगतो. तुलना वजनावर नको, मोलवर करा. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम म्हणजे लिगँड ४६९ मायक्रोमोलर, निर्जल तांब्याचा कॉम्प्लेक्स ३६४ मायक्रोमोलर. तितकंच तांबं देणारा कॉपर अ‍ॅसिटेट मोनोहायड्रेट फक्त ७३ मायक्रोग्रॅम भरतो. तिघांचे १००-१०० मायक्रोग्रॅम घेतले तर क्षाराला जादा तांबं मिळतं आणि लिगँडचे जादा रेणू पडतात, सगळीच तुलना वाकडी होते.

बाकीच्यांचा झोन का आला नाही? कदाचित ते निष्क्रिय असतील. कदाचित ते आगरमध्ये शिरलेच नसतील. हे कॉम्प्लेक्स उदासीन आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारे असतात. डीएमएसओतून आगरच्या पाण्यात उतरताच ते विहिरीच्या (नमुना भरायला आगरमध्ये पाडलेल्या भोकाच्या) कडेला बसतात. विहिरीभोवती रंगीत कडं दिसत असेल तर हेच झालं. अशा पदार्थांचा झोन मिलिमीटरमध्ये मोजणं म्हणजे सक्रियता नव्हे, पसरण्याचा वेग मोजणं. निवड करायची असेल तर झोन सोडून एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान तीव्रता) करा.

झोन करायचाच असेल तर म्युलर-हिंटन आगर, लिटरला ३८ ग्रॅम, १२१ अंशांवर १५ मिनिटं. ९० मिमीच्या प्लेटमध्ये २५ मिलि, म्हणजे थर ४ मिमी येतो. थर पातळ तर झोन फुगतो. जिवाणूंचं निलंबन ०.५ मॅकफरलंड (गढूळपणाचं प्रमाणित माप), म्हणजे शोषण ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३, आणि पंधरा मिनिटांत पसरायचं. विहीर ६ मिमीची, ५० मायक्रोलिटर. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २५९२३ यांसारखे प्रमाणित वाण घ्या. पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी संग्रहातून समतुल्य वाण मागवता येतात. 'स्थानिक रुग्णालयातून मिळालेला' एवढंच लिहिलेला वाण कुणी पडताळू शकत नाही. आणि ही कामं मायक्रोबायोलॉजी विभागात, त्यांच्या देखरेखीखाली. प्लेट टाकून देण्याआधी ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करा.

साध्या इनक्युबेटरला हीटर असतो, कूलर नसतो. बाहेर ४२ अंश असताना तो ३५ वर थांबूच शकत नाही आणि २८ अंशांवर वाढवायची अ‍ॅस्परजिलस बुरशी तर शिजते. मे महिन्यात बीओडी इनक्युबेटरच (थंडही करणारा) हवा, आत दुसरा थर्मामीटर ठेवून. कोरड्या हवेत आगर सुकून आक्रसतं, आत पाण्याचं भांडं ठेवा.

एमआयसीत लोक डीएमएसओने फसतात. स्टॉक मिलिलिटरला १२.८ मिलिग्रॅम करा. तो ब्रॉथमध्ये पन्नासपट पातळ केला की २५६ मायक्रोग्रॅम आणि २ टक्के डीएमएसओ. तिथून पुढचं दुप्पट-दुप्पट पातळीकरण २ टक्के डीएमएसओ असलेल्याच ब्रॉथमध्ये, म्हणजे प्रत्येक विहिरीत डीएमएसओ सारखंच. त्यात तेवढंच जिवाणूंचं निलंबन, ०.५ मॅकफरलंड १५० पट पातळ केलेलं, १०० मायक्रोलिटर. शेवटी १२८ पासून खाली, डीएमएसओ एक टक्का, जिवाणू मिलिलिटरला सुमारे ५ लाख. प्रत्येक तीव्रतेची एक विहीर जिवाणूंशिवाय ठेवाच. कॉम्प्लेक्स स्वतः बाहेर पडून गढूळ होतो आणि ती 'वाढ' म्हणून नोंदली जाते. रेसाझुरिन (जिवंत पेशींमुळे रंग बदलणारं सूचक) वापरलंत तरी कॉम्प्लेक्सचा रंग आणि तांब्याची रेडॉक्स खोडी दोन्ही आड येतात, म्हणून स्वच्छ दिसणाऱ्या विहिरींतून ताज्या आगरवर एक रेघ ओढून खात्री करा. तीन पुनरावृत्ती म्हणजे एकाच प्लेटवर तीन विहिरी नव्हेत. तीन वेगवेगळ्या दिवशीची तीन वेगवेगळी निलंबनं.

याआधी, खरं तर सगळ्याआधी, कॉम्प्लेक्स पाण्यात टिकतो का ते पाहा. ५० मायक्रोमोलर द्रावण, एक टक्का डीएमएसओ, पीएच ७.४, ३७ अंश. ०, १, ४ आणि २४ तासांनी यूव्ही-व्हिजिबल. ४०० च्या वरची पट्टी उतरत गेली आणि ३२५ च्या आसपास सॅलिसिलाल्डिहाइडचा खांदा वर आला तर तुमचा शिफ बेस फुटतोय आणि जिवाणूंना भेटतंय ते तांबं आणि अल्डिहाइड. बफर निवडतानाही जपून: फॉस्फेट झिंक-तांब्याला बाहेर पाडतो आणि ट्रिस स्वतः प्राथमिक अमीन असल्याने सॅलिसिलाल्डिहाइडशीच नवा शिफ बेस करतो, शिवाय तांब्यालाही चिकटतो. हेपेस बरा. डीएमएसओतले स्टॉकही त्याच दिवशी बनवा. डीएमएसओ धातूची मोकळी जागा घेतं, सिसप्लॅटिन तर डीएमएसओत विरघळवल्याने निकामी होतं.

राहिला चर्चेचा भाग. 'ट्वीडीच्या चिलेशन थिअरीनुसार धातूचा भार वाटला जातो, कॉम्प्लेक्स लिपिडप्रेमी होतो, पेशीत शिरतो' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधात सापडतं. ते गृहीतक आहे, तुमच्या प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. सोलापुरी टॉवेलवरचा फिरोजी रंग बहुतेकदा कॉपर थॅलोसायनिनपासून बनलेल्या रिअ‍ॅक्टिव्ह डायचा असतो. तिथे तांबं चार नायट्रोजनांनी इतकं घट्ट धरलेलं असतं की मूळ थॅलोसायनिन संहत सल्फ्युरिक आम्लात विरघळवलं तरी ते सुटत नाही. भार झाकणं एवढंच पुरेसं असतं तर तांब्याचं त्याच्याइतकं जहाल औषध दुसरं नसतं. सक्रियता अनेकदा उलट कारणाने येते. कॉम्प्लेक्स तांब्याला आत नेतो आणि तिथे सोडतो. पेशीतल्या थायॉलमुळे कॉपर दोनचं कॉपर एक होतं, पुढे ऑक्सिजनशी रेडॉक्स चक्र सुरू होतं. तुमचा कॉम्प्लेक्स आणि 'लिगँड अधिक क्षार' यांची एमआयसी एकच आली तर विहिरीतच कॉम्प्लेक्स बनतोय किंवा फुटतोय असं लिहा. नुसत्या क्षाराचीही तीच आली तर लिगँडचं योगदान नाही असं लिहा. कॉम्प्लेक्सची एमआयसी तिघांपेक्षा किमान चारपट कमी असेल, तरच 'जास्त सक्रिय' हा शब्द वापरा. दुपटीचा फरक या पद्धतीच्या चुकीतच बसतो.

डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट चाचणी) किंवा डीएनए-बंधनाची जोड द्यायचा मोह होईल. डीपीपीएच ५१७ नॅनोमीटरला वाचतात आणि तुमचे रंगीत कॉम्प्लेक्स तिथे स्वतःच शोषण दाखवू शकतात, कोरा नमुना वजा केल्याशिवाय आकडा देऊ नका. डीएनए मात्र वरची टिकण्याची चाचणी पास झाल्यावरच.

निकेल आणि कोबाल्टचं गाळलेलं द्रावण बेसिनमध्ये जाऊ देऊ नका, दोन्ही कर्करोगकारक गटात मोडतात. वेगळ्या कॅनमध्ये साठवा, मिथेनॉल काढून घेतल्यावर चुन्याच्या निवळीने पीएच ९ ते १० करून हायड्रॉक्साइड पाडा, गाळ वाळवून, नाव-तारीख लिहून घातक कचऱ्याच्या खात्यात द्या. कोरड्या निकेल पुडीचं वजन करताना मास्क आणि हातमोजे.